संगणक 'बंद' होताना पडद्यामागे काय घडते?

दिवसभराचे काम आटोपले, की 'शट डाउन'वर क्लिक करायचे आणि पिशवी उचलून निघायचे, ही कार्यालयांतील आणि घरांतील नित्याची सवय. मात्र क्लिक केल्याबरोबर पडदा काळा होत नाही. एक वर्तुळ फिरत राहते. कधी पाच सेकंदांत सारे शांत होते, तर कधी दीड-दोन मिनिटे उलटली तरी यंत्राचा पंखा घरघरतच असतो. घाईत असलेला माणूस मग पॉवरचे बटण दाबून धरतो किंवा सरळ भिंतीवरचा स्विच बंद करतो. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही, म्हणून ही सवय अंगवळणी पडते. पण एखाद्या सकाळी हिशेबाची फाइल उघडत नाही, संगणक सुरू होतानाच डिस्कची तपासणी करू लागतो, आणि आदल्या संध्याकाळी वाचवलेल्या त्या दीड मिनिटाची किंमत कळते. ते दीड मिनिट संगणक कशासाठी मागत असतो, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे ठरेल.

न दिसणारे सेवक

संगणकावर आपल्याला दिसतात ते मोजके प्रोग्रॅम. लेखनाचा, इंटरनेटचा, हिशेबाचा. त्यांच्या मागे मात्र कितीतरी प्रोग्रॅम खिडकी न उघडता चालू असतात. छपाईच्या कामांची रांग सांभाळणारा, नेटवर्क जोडून ठेवणारा, व्हायरस शोधणारा, घड्याळाची वेळ जुळवणारा, नवे अपडेट उतरवून घेणारा, कामांची नोंदवही लिहिणारा. विंडोजमध्ये यांना 'सर्व्हिस' म्हणजे सेवा म्हणतात. युनिक्स आणि लिनक्सच्या जगात त्यांचे नाव आहे 'डीमन'. हे नाव १९६३च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या 'प्रोजेक्ट मॅक'मध्ये रूढ झाले. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका विचारप्रयोगात कल्पिलेला, अदृश्य राहून सतत रेणू निवडत बसणारा 'डीमन' हे त्यामागचे मूळ. अंगी भुताखेतांचे काही नसले, तरी अदृश्य राहून अखंड राबणे हा गुण या सेवांनी पुरेपूर उचलला आहे.

या सेवा कोणी संगणकावर लॉग-इन करण्यापूर्वीच सुरू होतात आणि वापरणारा लॉग-ऑफ झाला तरी चालूच राहतात. त्यामुळे संगणक बंद करणे म्हणजे दिसणारे प्रोग्रॅम मिटणे एवढेच नसते. या सेवकांनी हातातले काम टाकण्याआधी ते आवरणे, हा त्यातला अधिक वेळखाऊ भाग होय.

बँकेचे शटर आणि संगणक

बँकेची शाखा बंद होते तेव्हा काय घडते ते आठवावे. ठरलेल्या वेळी शटर अर्धे खाली येते, नवे ग्राहक आत घेतले जात नाहीत, आत असलेल्यांची कामे उरकली जातात. ग्राहक गेल्यावर कर्मचारी रोकड जुळवतात, नोंदी पुऱ्या करतात, तिजोरीला कुलूप लावतात. दिव्यांचा मुख्य स्विच बंद होतो तो अगदी शेवटी. संगणकाचा क्रमही जवळजवळ हाच आहे.

विंडोजमध्ये पहिली सूचना जाते ती उघड्या प्रोग्रॅमना. 'सत्र संपवायचे आहे, चालेल का?' असा तो प्रश्न असतो. जतन न केलेले पत्र किंवा तक्ता उघडा असेल, तर संबंधित प्रोग्रॅम थांबण्याची विनंती करतो. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये, कोणता प्रोग्रॅम अडवून बसला आहे त्याची यादी पूर्ण पडद्यावर दाखवली जाते. 'तरीही बंद करा' असे सांगितले, की विचारपूस संपते आणि न जतन केलेला मजकूर जातो.

दिसणारे प्रोग्रॅम मिटल्यावर पाळी येते सेवांची. विंडोजमध्ये त्यांचा मुकादम 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर' या नावाने ओळखला जातो. संगणक सुरू होताना सेवांना उभे करणारा हाच आणि जाताना निरोप देणाराही हाच. मात्र तो सर्वांना निरोप देत नाही. ज्या सेवेने 'यंत्र बंद होताना मला कळवा' अशी नोंद आधी करून ठेवली आहे, तिलाच सूचना मिळते. ज्यांना आवरण्यासारखे काही नसते, अशा सेवा नोंदच करीत नाहीत. वीज जाईपर्यंत त्या चालू राहतात आणि तिच्याबरोबर संपतात. घड्याळ जुळवणाऱ्याला निरोप नाही मिळाला तरी चालते. डेटाबेस सांभाळणाऱ्याला तो मिळालाच पाहिजे.

मुदत किती?

निरोप मिळाल्यावर सेवेला अमर्याद वेळ मिळत नाही. विंडोज एक्सपीमध्ये ही मुदत साधारण २० सेकंदांची होती. पुढच्या आवृत्त्यांत ती कमी होत गेली आणि विंडोज १० व ११मध्ये ती मुळात ५ सेकंदांची आहे. मुदत संपली, की मुकादम वाट पाहणे सोडतो आणि यंत्र बंद करण्याचे काम पुढे नेतो. सेवा तेव्हा अर्ध्या वाक्यावर असली, तरी तिच्यासाठी कोणी थांबत नाही.

काही कामांना इतका थोडा वेळ पुरणार नाही, हे उघड आहे. अपडेट बसवण्याचे काम निम्म्यावर तोडले, तर संगणक पुढच्या वेळी सुरू होईलच याची शाश्वती नसते. म्हणून विंडोज व्हिस्टापासून एक आगाऊ सूचनेचा मार्ग ठेवण्यात आला. त्यासाठी नोंद केलेल्या सेवांना इतरांच्या आधी कळवले जाते आणि त्यांनी मागितलेली अधिक मुदत दिली जाते. 'संगणक बंद करू नका' अशी विनंती पडद्यावर झळकते तेव्हा यातल्याच एखाद्या सेवेचे काम चाललेले असते. ती सूचना औपचारिकता समजून धुडकावणे हे घरगुती संगणक नादुरुस्त करण्याच्या हमखास मार्गांपैकी एक आहे.

येथे आणखी एक बाब अनेक जाणकारांनाही चकवते. सुरू होताना विंडोज सेवांचे परस्परावलंबन काटेकोरपणे पाळते. एकीला दुसरीची गरज असेल, तर दुसरी आधी उभी केली जाते. बंद होताना मात्र मुकादम हा हिशेब पाहत नाही. तो चालू सेवांची यादी घेतो आणि क्रमाने निरोप देत सुटतो. त्यामुळे एखादी सेवा आवरायला बसावी आणि जिच्या भरवशावर ती आवरणार तीच आधी निघून गेलेली असावी, असा प्रसंग येऊ शकतो. चांगल्या सॉफ्टवेअरने ही शक्यता आधीच गृहीत धरलेली असते.

आला त्याच्या उलट क्रमाने

लिनक्समध्ये पद्धत निराळी आहे. बँका, रेल्वे, टपाल, संकेतस्थळे यांसारख्या सेवांमागचे असंख्य सर्व्हर या प्रणालीवर चालतात, त्यामुळे घरी लिनक्स नसणाऱ्याचाही तिच्याशी संबंध येतोच. जुन्या पद्धतीत प्रत्येक सेवेसाठी एक छोटी आज्ञावली असे आणि ठरवलेल्या क्रमांकानुसार एकेकीला थांबवले जाई. २०१०मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सिव्हर्स यांनी 'सिस्टीम-डी' ही नवी व्यवस्था पुढे आणली आणि काही वर्षांत फेडोरा, डेबियन, उबुंटू अशा बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांनी ती स्वीकारली. या व्यवस्थेत नियम असा, की ज्या क्रमाने सेवा उभ्या राहिल्या त्याच्या उलट क्रमाने त्या उतरवायच्या. आधी संकेतस्थळाची पाने देणारी सेवा थांबते, मग तिला माहिती पुरवणारा डेटाबेस आणि त्यानंतर नेटवर्क. अर्थात, हा क्रम सेवेच्या नोंदीत आधी लिहून ठेवलेला असावा लागतो.

थांबवण्याची रीतही दोन टप्प्यांची आहे. आधी 'सिगटर्म' नावाचा इशारा जातो. तो ऐकून प्रोग्रॅमने हातातले काम पुरे करावे आणि स्वतः बाहेर पडावे, अशी अपेक्षा असते. मूळ व्यवस्थेनुसार त्यासाठी ९० सेकंद दिले जातात. तेवढ्यात सेवा गेली नाही, तर 'सिगकिल' येतो. हा दुसरा इशारा प्रोग्रॅमला ऐकताही येत नाही आणि टाळताही येत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच त्याला जागच्या जागी संपवते. लिनक्स वापरणाऱ्यांना बंद होताना पडद्यावर 'अमुक सेवा थांबवण्याचे काम सुरू आहे' अशा अर्थाची ओळ आणि शेजारी दीड मिनिटाकडे सरकणारे घड्याळ दिसते, ते याच प्रतीक्षेचे.

इतका वेळ लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे नेटवर्कवरून जोडलेली डिस्क. दूरच्या यंत्रावरील फोल्डर उघडे आहे आणि त्या यंत्राशी संपर्क तुटला आहे, अशा वेळी येथला प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत अडकून राहतो. काही अवस्थांमध्ये तर 'सिगकिल'चाही त्याच्यावर लगेच परिणाम होत नाही.

सेवा गेल्यावर उरल्यासुरल्या सर्व प्रोग्रॅमना हेच दोन इशारे मिळतात, डिस्कवरील फाइलव्यवस्था मिटवली जाते आणि अखेर यंत्राला वीज तोडण्याची आज्ञा जाते. ही शेवटची पायरीही एकेकाळी स्वयंचलित नव्हती. विंडोज ९५च्या काळात अनेक संगणकांवर 'आता संगणक बंद करणे सुरक्षित आहे' अशा अर्थाची नारिंगी अक्षरे येत आणि मग माणसाने हाताने बटण दाबावे लागे.

घाईत हरवते ते काय?

आता मूळ प्रश्न. या सगळ्याला न जुमानता वीज तोडली, तर नुकसान नेमके कशाचे होते?

याचे उत्तर संगणकाच्या वेगात दडलेले आहे. आपण फाइल 'सेव्ह' करतो तेव्हा ती तत्क्षणी डिस्कवर उमटतेच असे नाही. डिस्क ही मेमरीच्या मानाने फार संथ असल्याने ऑपरेटिंग सिस्टीम लेखनाचे काम आधी मेमरीत गोळा करते आणि सवडीने डिस्ककडे पाठवते. लिनक्सच्या मूळ मांडणीत असा मजकूर सुमारे ३० सेकंद मेमरीत राहू शकतो. डिस्कच्या आतही स्वतःची छोटी मेमरी असते, तेथे दुसरी रांग लागते. वीज गेली, की या दोन्ही रांगा पुसल्या जातात. संगणक 'सेव्ह झाले' म्हणून मोकळा झालेला असतो आणि मजकूर मात्र कोठेच नसतो.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे अर्धवट लेखन. एका खात्यातून रक्कम वजा झाल्याची नोंद डिस्कवर गेली आणि दुसऱ्यात जमा झाल्याची जायची राहिली, तर हिशेब कायमचा चुकेल. यावर उपाय म्हणून डेटाबेस प्रत्यक्ष बदल करण्याआधी 'आपण काय करणार आहोत' हे एका वेगळ्या रोजनाम्यात लिहून ठेवतात. वीज गेल्यास पुढच्या वेळी तो रोजनामा वाचून अपुरे व्यवहार पूर्ण केले जातात किंवा रद्द केले जातात. विंडोजची 'एनटीएफएस' आणि लिनक्सची 'ईएक्सटी-४' या फाइलव्यवस्थाही आपापल्या रचनेसाठी असाच रोजनामा ठेवतात. म्हणूनच आजचे संगणक अचानक बंद पडूनही बहुधा सावरतात. मात्र फाइलव्यवस्थेचा रोजनामा मुख्यतः कपाटातील कप्प्यांची मांडणी वाचवतो. कप्प्यातल्या कागदावर शेवटच्या क्षणी काय लिहिले जात होते, याची हमी तो सहसा देत नाही.

या विचाराचे टोक संगणकशास्त्रज्ञ जॉर्ज कॅन्डिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी २००३मध्ये मांडले. अचानक कोसळणे टाळता येत नसेल आणि त्यातून सावरण्याची सोय करावीच लागणार असेल, तर सावकाश बंद होण्याचा वेगळा मार्ग हवाच कशाला? प्रोग्रॅम असाच लिहावा, की त्याला कधीही तोडले तरी चालेल. अॅपलने २००९च्या 'स्नो लेपर्ड' आवृत्तीत याच दिशेची एक सोय आणली. आपल्याकडे जतन करायचे काही उरलेले नाही असे प्रोग्रॅमने जाहीर करून ठेवले, तर बंद होताना त्याला न विचारता थेट संपवले जाते. बंद होण्याचा वेळ त्यामुळे वाचतो. पण प्रत्येक सॉफ्टवेअर एवढ्या काळजीने लिहिलेले नसते, हे वास्तव त्याने बदललेले नाही.

बटण चार सेकंद दाबले तर

पॉवरचे बटण नुसते दाबणे आणि दाबून धरणे यांत मोठा फरक आहे. नुसते दाबले तर ऑपरेटिंग सिस्टीमला सूचना जाते आणि ती ठरवल्याप्रमाणे यंत्र झोपवते किंवा रीतसर बंद करते. चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरल्यास मात्र यंत्राची जोडणीच वीज तोडते. कोणत्याही सेवेला निरोप मिळत नाही. संगणकाच्या दृष्टीने ही घटना आणि वीज जाणे यांत काही अंतर नाही.

वीज जाण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. भारनियमनाच्या वर्षांत संगणकाबरोबर यूपीएस घेणे ही गरजच झाली होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि हा प्रश्न केवळ गावाकडचा नाही हेही दिसले. यूपीएसची बॅटरी साधारणपणे काही मिनिटांची सोबत करते. माणूस जवळ असेल तर तेवढी पुरते. नसेल तर बॅटरी संपल्यावर व्हायचे तेच होते. त्यासाठी अनेक यूपीएसना यूएसबी केबल दिलेली असते. ती जोडली, की बॅटरी खालावल्याची खबर संगणकातील एका सेवेला मिळते आणि ती स्वतःहून रीतसर 'शट डाउन' सुरू करते. ही केबल मात्र अनेकदा खोक्यातच पडून राहते.

बंद, पण पूर्ण बंद नाही

२०१२मध्ये आलेल्या विंडोज ८पासून या कथेत एक वळण आले. 'फास्ट स्टार्टअप' नावाच्या सोयीमुळे 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मिटवते, पण प्रणालीचा गाभा आणि पडद्यामागच्या सेवा बंद न करता त्यांची तत्कालीन स्थिती डिस्कवर उतरवून ठेवते. पुढच्या वेळी तीच स्थिती पुन्हा मेमरीत चढवली जाते, म्हणून संगणक झटपट उभा राहतो. विंडोज १० आणि ११मध्येही ही सोय सहसा सुरू असते.

याचा परिणाम असा, की रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकातील सेवा प्रत्यक्षात आठवडेच्या आठवडे ताज्या सुरू झालेल्या नसतात. 'टास्क मॅनेजर'मधील 'परफॉर्मन्स' या भागात संगणक किती वेळ चालू आहे याचा आकडा असतो. रोज बंद करूनही तो कैक दिवसांचा दिसतो, तो यामुळे. 'रीस्टार्ट'ला मात्र ही सवलत नाही. त्यात सेवा खरोखर थांबतात आणि नव्याने सुरू होतात. छपाई अडकली किंवा नेटवर्क रुसले, की दुरुस्ती करणारा 'बंद करून चालू करा' ऐवजी 'रीस्टार्ट करा' असे का सांगतो, याचे उत्तर येथे आहे. 'शिफ्ट' की दाबून ठेवून 'शट डाउन'वर क्लिक केल्यासही यंत्र पूर्णपणे बंद होते.

काय करावे?

आदल्या दिवशी संगणक रीतसर बंद झाला की नाही, याचा पुरावा संगणकच ठेवतो. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये ६००६ क्रमांकाची नोंद असेल, तर नोंदवही लिहिणारी सेवा शेवटची ओळ लिहून नीट थांबली होती. ६००८ किंवा 'कर्नल-पॉवर ४१' दिसत असेल, तर यंत्र अनपेक्षितपणे बंद पडले होते. १०७४ क्रमांकाची नोंद कोणत्या प्रोग्रॅमने किंवा वापरकर्त्याने बंद करण्यास सांगितले ते सांगते. कार्यालयातील संगणक वारंवार बिघडत असेल, तर दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी या नोंदी पाहणे शहाणपणाचे.

बंद होण्यास वेळ लागत असेल, तर निदान दोन-तीन मिनिटे थांबावे. अपडेट चालू असल्याची सूचना असेल, तर लागेल तेवढे थांबावे. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजावे. बराच वेळ दिवाही स्थिर आणि पडदाही गोठलेला असेल, तेव्हाच बटण दाबून धरण्याचा मार्ग उरतो. तोही अखेरचा. तसे करावे लागल्यास पुढच्या वेळी येणारी डिस्कची तपासणी मध्येच सोडू नये. हिशेबाचे किंवा डेटाबेसचे सॉफ्टवेअर 'शट डाउन' म्हणण्यापूर्वीच स्वतः बंद करावे, म्हणजे त्याला पाच सेकंदांच्या मुदतीवर अवलंबून राहावे लागत नाही. यूपीएसची केबल खोक्यातून काढून जोडावी आणि आठवड्यातून एकदा तरी 'रीस्टार्ट' करावे.

एवढे करूनही महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवण्याला पर्याय नाही. संगणकाला आवरायला वेळ द्यावा हे खरेच, पण वीज कंपनी तो वेळ मागून घेत नाही.